आधी पंप, गिझर, फ्रिज. बल्ब मागाहून: कोकणातल्या घरासाठी वीजबचतीचा क्रम

पोफळीला कोयनेचं पाणी टर्बाइनवर पडतं, जयगडला कोळसा जळतो, अंजनवेलला गॅस. एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात तीन तऱ्हांनी वीज तयार होते. त्यामुळे "आमच्याकडे कोयनेची वीज, आमचा कसला धूर?" असं चिपळूणकडची माणसं सहज म्हणून जातात. पण वीज एकदा ग्रीडमध्ये, म्हणजे तारांच्या देशव्यापी सामाईक जाळ्यात, गेली की ती कुठून आली हे उरत नाही. देशाच्या ग्रीडची सरासरी धरली तर एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. महिन्याला १५० युनिट वापरणारं घर म्हणजे वर्षाला सव्वा टन. जोडीला आणखी दोन आकडे लक्षात ठेवा: १४.२ किलोचा गॅस सिलिंडर संपला की साधारण ४२ किलो, आणि पेट्रोल एक लिटर जळलं की २.३ किलो.

वीजबचतीचे बहुतेक सल्ले शहरातल्या फ्लॅटसाठी लिहिलेले असतात. एसी २४ वर ठेवा, लिफ्टऐवजी जिना वापरा, खोलीतून बाहेर पडताना दिवा घालवा. आपल्याकडे लिफ्ट नाही, एसी असलाच तर एका खोलीत, आणि बल्ब केव्हाच एलईडी झालेत. नऊ वॅटचा बल्ब पडवीत रात्रभर जळत राहिला तरी दहावा हिस्सा युनिट जातो. त्यावरून घरात होणारी भांडणं मला फुकटची वाटतात. कोकणातल्या घरात वीज जाते ती पाणी उचलायला, पाणी तापवायला आणि चोवीस तास चालू असलेल्या वस्तूंना. म्हणून क्रमही तसाच लावला आहे.

पहिलं काम: मीटरसमोर दहा मिनिटं

बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. त्यातले जानेवारी, मे आणि जुलै शेजारी शेजारी लिहून काढा. मे फुगलेला आणि जुलै एकदम खाली असेल तर पंप आणि पंखे यांच्याकडे बघा. मुंबईची मंडळी मे महिन्यात घरी असतात हे धरूनसुद्धा. जुलैतही आकडा फारसा उतरत नसेल तर बारमाही चालणारं काहीतरी वीज खातंय. जानेवारीच वर असेल तर गिझर.

मग मीटरसमोर उभे राहा. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो आणि जवळच इंग्रजीत 'इम्प' या अक्षरांशी एक संख्या छापलेली असते. बऱ्याच मीटरवर ती ३२०० असते. म्हणजे एका युनिटला दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. घरातलं सगळं रोज करता तसं बंद करा, फ्रिजसुद्धा, आणि दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा. ३२०० च्या मीटरला ११२५ भागिले ते सेकंद, एवढे वॅट त्या क्षणी चालू आहेत. मीटर १६०० चा असेल तर ११२५ च्या जागी २२५० घ्या. "सगळं बंद" असताना दर दहा सेकंदांनी दिवा लुकलुकला तर ११२ वॅट कुठेतरी जात आहेत. तसेच चालू राहिले तर महिन्याला ८० युनिट होतील.

हे वॅट सापडतात ते बहुधा सेट-टॉप बॉक्स, वायफायचा राउटर, इन्व्हर्टरची जुनी बॅटरी आणि रिमोटने बंद केलेला टीव्ही यांच्यात. नुसता सेट-टॉप बॉक्स दहा वॅटचा धरला तरी महिन्याला सात युनिट. सगळे प्लग काढूनही दिवा लुकलुकत राहिला तर वायरिंगमध्ये गळती असण्याची शक्यता आहे. खाऱ्या हवेत आणि पावसाळ्यातल्या ओल्या भिंतींत हे होतं. अशा वेळी स्वतः स्क्रू पिळत बसू नका, वायरमनला बोलवा आणि अर्थिंगही तपासून घ्या. कातळावरच्या घरांचं अर्थिंग उन्हाळ्यात कोरडं पडतं. त्या खड्ड्यात मीठ-कोळसा आणि पाणी घालायचं काम मार्चमध्येच उरकावं.

दुसरं काम: पंप

इथे जरा जास्त वेळ घालवू, कारण नारळ-सुपारीची दहा-वीस झाडं असलेल्या घरात डिसेंबर ते मे सगळ्यात मोठा खर्च याचाच असतो आणि त्याकडे कुणी बघत नाही. एक एचपीचा पंप तासाला जवळपास एक युनिट खातो. रोज दोन तास चालला तर महिन्याला साठ. हे दोन तास सव्वा तासावर आले तर वीसेक युनिट आणि पंधरा किलो कार्बन डायऑक्साइड वाचतो, झाडाला एक थेंब कमी न देता.

टाकीवर चढा, पाइपाखाली वीस लिटरची बादली धरा आणि ती किती सेकंदांत भरते ते मोजा. आकडा पंपाच्या पेटीवर खडूने लिहून ठेवा. दर महिन्याला हेच. वेळ वाढत गेला तर कारण सहसा पुढच्यांपैकी असतं.

फूट व्हॉल्व्ह, म्हणजे पाइपाच्या विहिरीतल्या टोकाची झडप, गळतो. रोज सकाळी पंपात पाणी ओतल्याशिवाय तो धरत नाही, हीच त्याची खूण. व्हॉल्व्हच्या जाळीत शेवाळ, काथ्या, सुपारीची पानं अडकतात. वर काढून घासला की अनेकदा तेवढ्यानेच भागतं. नाहीतर वॉशर बदला, खर्च किरकोळ असतो.

विहिरीचं पाणी उतरलं. जमिनीवर बसवलेला मोनोब्लॉक पंप व्यवहारात पंचवीस फुटांपर्यंतच पाणी नीट ओढतो. एप्रिलमध्ये पाणी त्याखाली गेलं की पंप नुसता ओरडतो, वीज घेतो आणि पाणी बोटभर धारेने देतो. विहिरीत खालच्या टप्प्यावर पंपाची बैठक करून घ्या किंवा उन्हाळ्यापुरता सबमर्सिबल सोडा.

पाइप बारीक. एक इंची तोंडाच्या पंपाला पाऊण इंची पाइप जोडायचा आणि वाटेत सात-आठ एल्बो घालायचे, हे आपल्याकडे सर्रास चालतं. पाइप बारीक केला की घर्षण थोडंथोडकं नाही, कित्येक पट वाढतं. पाइप बदलायची वेळ आली की एक माप मोठा घ्या आणि काटकोनी एल्बोऐवजी लांब बेंड वापरा.

व्होल्टेज कमी. संध्याकाळी सातला सगळ्या वाडीचे पंप, टीव्ही आणि मिक्सर एकदम सुरू होतात. दिवा पिवळा पडतो, मोटार जादा करंट ओढून तापते आणि पाणी मात्र कमी देते. पंप दुपारी चालवा. त्या वेळी ग्रीडमध्ये सौरऊर्जेचा वाटा जास्त असतो, म्हणून तेच युनिट जरा स्वच्छही पडतं. घरात टीओडी मीटर, म्हणजे दिवसाच्या वेळेप्रमाणे वापर मोजणारा, बसला असेल तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या वापराला दरात सवलतही मिळते. बिलावर ती लागली आहे का ते बघून घ्या.

"पण दुपारी शिंपणं केलं तर पाणी उन्हात उडून जातं," असं बागायतदार म्हणतील, आणि ते खरं आहे. म्हणून पंपाने फक्त टाकी भरायची आणि शिंपणं संध्याकाळी टाकीतून उतारावर सोडून करायचं. आपली बहुतेक आगरं उतरणीला आहेत. पोफळीच्या, म्हणजे सुपारीच्या झाडाच्या, पन्हळींनी डोंगरातला झरा घरापर्यंत आणणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. ठिबक बसवता आलं तर उत्तम. नसेल तर निदान आळ्यात झावळ्या, सोडणं (नारळाच्या साली) आणि पालापाचोळा यांचा जाड थर द्या. आळं झाकलेलं असलं की ओल टिकते आणि शिंपण्याची एखादी पाळी लांबवता येते. हाच पाचोळा दरवर्षी कोपऱ्यात ढीग करून जाळला जातो. तो धूर वेगळाच.

शेवटचं म्हणजे टाकीला फ्लोट स्विच किंवा साधा अलार्म लावा. टाकी वाहायला लागल्यावर शेजारच्या काकी हाक मारतात ही व्यवस्था काकी घरी असेपर्यंत ठीक आहे.

तिसरं काम: आंघोळीचं पाणी

पौषातल्या पहाटे विहिरीचं पाणी कोमट लागतं आणि गच्चीवरच्या टाकीतलं गार. जमिनीतलं पाणी बारा महिने साधारण एकाच तापमानाला असतं, टाकीतलं मात्र रात्रभरात निवतं. वीस लिटर पाणी २० अंशांवरून ४० वर न्यायला ०.४६ युनिट लागतं, २६ अंशांवरून ०.३२. म्हणजे थंडीच्या दिवसांत सकाळी ताजं काढलेलं पाणी तापवलं तर तीस टक्के वीज तिथेच वाचली. जिथे रहाट अजून चालू आहे तिथे तर बोलायलाच नको.

गिझर असेल तर थर्मोस्टॅट ५० च्या आसपास ठेवा आणि आंघोळीआधी दहा-पंधरा मिनिटंच चालू करा. दिवसभर चालू राहिलेला गिझर पाणी निवलं की पुन्हा तापवतो, कुणी आंघोळ करो वा न करो. मार्च ते जून बटणावर चिकटपट्टी लावून टाका. कोकणात त्या दिवसांत गरम पाणी फक्त बाळंतिणीला आणि आजारी माणसाला लागतं.

न्हाणीतली चूल किंवा तांब्याचा बंब अजून असेल तर मोडीत काढू नका. करवंट्या, सोडणं, सुक्या झावळ्या, पोया हे सगळं आपल्याच बागेत या वर्षी वाढलेलं इंधन आहे. जळताना त्यातून निघालेला कार्बन नवी झाडं पुन्हा ओढून घेतात. अट एवढीच की इंधन खडखडीत सुकं हवं आणि धूर घराबाहेर जायला हवा. ओल्या लाकडाचा धूर डोळ्यांना, फुप्फुसांना आणि हवेलाही वाईट. यासाठी आंब्याचं झाड तोडायचं असेल तर सगळं गणित उलटं फिरतं.

गॅस गिझरचा कार्बन आजच्या घडीला विजेच्या गिझरच्या निम्म्याहूनही कमी भरतो, कारण कोळशातली बरीचशी उष्णता वीज करतानाच वाया जाते. पण तो न्हाणीघराच्या आत बसवू नका. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचून माणसं मेली आहेत. बाहेरच्या भिंतीवर, मोकळ्या हवेतच.

छतावरचा सौर बंब चांगलाच, मात्र खाडीकाठच्या मचूळ पाण्याने टाकी गंजते आणि नळ्यांत क्षार बसतात. पाण्याची तपासणी करून मगच प्रकार निवडा.

चौथं काम: फ्रिज

फ्रिजच्या दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि पट्टी ओढा. अलगद निघाली तर रबर सैल झालं आहे. दमट हवा आत शिरते आणि फ्रीझरमध्ये बर्फाचे डोंगर होतात ते त्यामुळेच. चारी बाजूंनी हीच तपासणी करा. रबरावर माशाचं पाणी आणि बुरशी साचलेली असते, ती साबणाच्या कोमट पाण्याने पुसली की निम्म्या वेळा रबर पुन्हा धरतं.

मागची काळी जाळी सहा महिन्यांतून एकदा फ्रिज बंद करून सुक्या ब्रशने झाडा. समुद्राच्या जवळ तिच्यावर धूळ आणि मीठ यांचा चिकट थर बसतो. फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे हवा आणि चुलीच्या भिंतीला तर मुळीच नको. नवा घेताना तारे मोजण्यापेक्षा लेबलवर छापलेले वर्षाचे युनिट वाचा. तीन ताऱ्यांचा लहान फ्रिज पाच ताऱ्यांच्या अवाढव्य फ्रिजपेक्षा कमी खाऊ शकतो. जुना फ्रिज "असू दे मासळीला" म्हणून मागच्या पडवीत चालू ठेवणं ही सगळ्यात महागडी काटकसर.

पाचवं काम: उकाडा

आपला त्रास घामाचा आहे, आणि घामावर वाऱ्याइतका दुसरा उपाय नाही. जुना पंखा ७५ वॅटचा, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा) पंखा ३० वॅटच्या आसपास. रोज बारा तास चालणारा एक पंखा बदलला तर महिन्याला सोळा युनिट वाचतात. सगळे एकदम बदलू नका. जो सगळ्यात जास्त फिरतो तो आधी, बहुधा माजघरातला किंवा आजी-आजोबांच्या खोलीतला. पाहुण्यांच्या खोलीतला जुनाच राहू दे.

त्याहून स्वस्त काम छपराचं. कौलं उतरवून स्लॅब घातला, तो गळला म्हणून त्यावर पत्रे टाकले, अशी घरं आता गावोगाव आहेत. पत्रा आणि स्लॅब यांमधली जागा दोन्ही टोकांना उघडी असेल तर स्लॅबला सावली मिळते आणि वारा गरम हवा ओढून नेतो. सामान ठेवायला म्हणून ती चारही बाजूंनी बंद केली की तिथे भट्टी होते. समोरासमोरच्या दोन बाजूंना जाळी लावून मोकळीक द्या. पांढरा उष्णतारोधक रंग उपयोगाचा आहे, पण इथल्या पावसात वर्षभरात त्यावर शेवाळ चढून तो काळा पडतो. दिवाळीनंतर घासून धुतला तरच उन्हाळ्यात काम देईल. खळ्यात झापांचा मांडव घालणारी घरं शिमग्यानंतर हे सगळं बिनखर्चात साधतात.

एसी असलाच तर २६ वर ठेवून पंखा मंद चालवा. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीच्या हिशेबाने एका अंशाला सुमारे सहा टक्के फरक पडतो. पावसाळ्यातल्या कोंदट रात्री 'ड्राय' मोड बहुतेक वेळा पुरतो.

सहावं काम: स्वयंपाकघर

इंडक्शन घ्यावं का, हा प्रश्न हल्ली प्रत्येक जण विचारतो. माझं मत: छतावर सौर पॅनल असतील आणि स्वयंपाक दिवसा होत असेल तर जरूर. नाहीतर आजच्या ग्रीडच्या विजेवर तोच भात शिजवायला गॅसपेक्षा जास्त कार्बन लागतो. ग्रीड स्वच्छ होत जाईल तसं हे बदलेल, तोवर गॅसच नीट वापरू.

उकडा तांदूळ शिजायला वेळ खातो, पण त्याला सतत जाळ लागत नाही, लागते ती उष्णता धरून ठेवणं. तांदूळ तासभर भिजवा. जाड बुडाच्या पातेल्यात पाण्याला खळखळून उकळी आणा, नेहमीच्या निम्मा वेळ शिजू द्या आणि गच्च झाकण लावून गॅस बंद करा. एका मोठ्या टोपलीत किंवा खोक्यात भाताचा पेंढा दाबून मधे खळगा केलेला असावा. पातेलं त्यात बसवा, वर पेंढ्याची उशी किंवा जुनी गोधडी दाबा. तासाभराने शीत दाबून बघा. मधे उघडून बघायचा मोह टाळा, सगळी वाफ तिथेच जाते. अर्ध्या किलोपेक्षा कमी तांदळाला हे नीट जमत नाही, आणि भात गरम असतानाच जेवून मोकळं व्हायचं, तसाच रात्रीपर्यंत ठेवायचा नाही.

काळे वाटाणे, वाल, कुळीथ रात्री भिजत घालणं आपल्याला शिकवायला नको. मासळीला तर पाच-सात मिनिटांवर जाळ लागतच नाही. आमसुलं, आंबापोळी, सुकी मासळी ही सगळी उन्हाची कामं आहेत. विजेचा ड्रायर विकायला आलेल्याला पाऊस संपल्यावर यायला सांगा.

सातवं काम: सौर पॅनल, आणि तेही शेवटी

आधीची कामं झाल्यावर बिल कितीवर आलं ते बघून पॅनलचा आकार ठरवा, नाहीतर गळक्या फूट व्हॉल्व्हसाठी पॅनल विकत घ्याल. एका किलोवॅटला सुमारे शंभर चौरस फूट जागा लागते आणि वर्षाची सरासरी धरून दिवसाला चारेक युनिट मिळतात. जून ते ऑगस्टमध्ये हा आकडा बराच खाली येतो. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे ग्रीडला दिलेली वीज आपल्या वापरातून वजा होते त्या पद्धतीत, हिशेब वर्षाचा असतो म्हणून घाबरायचं कारण नाही. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३०,००० रुपये आणि ३ किलोवॅट किंवा पुढे एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे.

कोकणासाठी चार गोष्टी ठेकेदाराकडून लेखी घ्या. पॅनल खाऱ्या हवेच्या चाचणीतले, म्हणजे आयईसी ६१७०१ चे असावेत. सांगाडा ॲल्युमिनियमचा किंवा गरम जस्तात बुडवलेल्या लोखंडाचा आणि बोल्ट स्टेनलेसचे. रंग दिलेलं साधं लोखंड दोन पावसाळ्यांत फुगायला लागतं. सांगाडा स्लॅबमध्ये घट्ट बांधलेला असावा, चिऱ्याच्या गडग्यावर किंवा कौलांच्या वाशांवर नाही. ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळात काय काय उडालं ते दापोली-मंडणगडकडे कुणालाही विचारा. आणि पॅनलवर माडाची सावली नको. सावलीपेक्षाही वरून पडणारा नारळ नको.

आणखी एक गोष्ट आधीच समजून घ्या: साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर गावची लाइन गेली की स्वतःही बंद होतो. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ती व्यवस्था आहे. वादळात दिवे हवे असतील तर बॅटरी असलेला हायब्रिड घ्यावा लागेल, तो महाग पडतो.

बंद घरं आणि येणं-जाणं

गणपती झाले, घराला कुलूप लागलं, आणि आत फ्रिज, सेट-टॉप बॉक्स, इन्व्हर्टर शिमग्यापर्यंत चालूच. चाकरमान्यांच्या घरांत हे नेहमीचं. निघायच्या दिवशी फ्रिज रिकामा करून पुसा आणि दार कापडाचा बोळा अडकवून किंचित उघडं ठेवा, नाहीतर आत बुरशी माजते. इन्व्हर्टरची बॅटरी पूर्ण चार्ज करून दोन्ही वायरी सोडवा. बाहेरचा दिवा हवाच असेल तर अंधार पडल्यावर आपोआप लागणारा घ्या आणि त्याचा एकच एमसीबी चालू ठेवा, बाकी सगळे खाली. शेजाऱ्यांकडे किल्ली असेल तर कुठला एमसीबी कशाचा ते पेटीवर मराठीत लिहून ठेवा.

राहिला प्रवास. कोकण रेल्वेचा सगळा मार्ग २०२२ पासून विजेवर आहे. दोघांसाठी मुंबईहून गाडी काढण्यापेक्षा रेल्वेने येऊन पुढे एसटी धरली तर एका फेरीत वाचणारा कार्बन घरातल्या कित्येक महिन्यांच्या बल्बांएवढा होतो. गावातल्या गावात फिरताना खाडीला वळसा घालण्यापेक्षा दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेसवी-बागमांडला, आगरदांडा-दिघी या फेरीबोटी वापरा. शेवटच्या फेरीची वेळ मात्र धक्क्यावर विचारून ठेवा, पावसाळ्यात ती बदलते.